कस्टर्डचा स्वाद मुरतो तेव्हा

ई-सिगारेटमध्ये तापवून ज्याची वाफ ओढतात ते लिक्विड घरीच बनवणारे लोक ब्रिटन-अमेरिकेत बरेच आहेत. साहित्य मोजकंच लागतं: प्रॉपिलीन ग्लायकॉल नावाचा पातळ द्रव, ग्लिसरीन, स्वादाचा इसेन्स आणि हवं असेल तर निकोटिन. (भारतात 2019च्या कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, साठा, जाहिरात सगळ्यांवरच बंदी आहे.) चव जमली नाही की जुने लोक नवख्याला सांगतात, घाई करू नकोस, मुरू दे. फळांच्या स्वादांना काही दिवस पुरतात, पण कस्टर्ड आणि व्हॅनिलाच्या बाटल्या अंधाऱ्या कपाटात कित्येक आठवडे ठेवतात.

मुरल्यावर चव बदलते, हे खरं आहे. इसेन्समधलं अल्कोहोल थोडं उडतं, घट्ट ग्लिसरीनमध्ये स्वाद नीट मिसळतो. पण बाटलीत रासायनिक क्रियाही चालू असते. व्हॅनिलाचं व्हॅनिलिन, बदामी वासाचं बेंझाल्डिहाइड, दालचिनीचं सिनॅमाल्डिहाइड ही सगळी अल्डिहाइड या रासायनिक गटातली संयुगं. प्रॉपिलीन ग्लायकॉलशी त्यांचा संयोग होऊन अ‍ॅसिटाल नावाची नवी संयुगं तयार होतात. येल आणि ड्यूक विद्यापीठांच्या संशोधकांनी 2018मध्ये दाखवून दिलं की ही संयुगं वाफेतही उतरतात आणि शरीरातल्या जळजळ ओळखणाऱ्या संवेदकांना मूळ अल्डिहाइडांपेक्षा जास्त चेतवतात. म्हणजे नाकाला जे गोडसर आणि गोल वाटतं, ते घशाला आणि श्वासनलिकेला तसं वाटेलच असं नाही.

मला खरी काळजी वाटते ती कस्टर्डची. त्याला लोण्यासारखा स्निग्ध वास येतो तो डायअसिटिल नावाच्या संयुगामुळे. हे आपल्या लोण्यात, ताकातही नैसर्गिकरीत्या असतं आणि पोटात गेलं तर त्रास देत नाही. श्वासातून गेलं तर मात्र गोष्ट वेगळी. अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या जॅस्पर गावी मायक्रोवेव्ह पॉपकॉर्नचा कारखाना होता. तिथल्या आठ माजी कामगारांना फुप्फुसांचा एक दुर्मीळ आजार झाल्याचं 2000 साली उघडकीला आलं. त्यात बारीक श्वासनलिकांवर व्रण होऊन त्या आक्रसतात आणि पुन्हा पूर्ववत होत नाहीत. लोण्याच्या स्वादाची वाफ रोज श्वासात जात होती, हे कारण पुढे तपासात पुढे आलं. खाल्लेला पदार्थ आतड्यातून यकृताकडे जातो आणि तिथे त्यावर प्रक्रिया होते. श्वासातून आलेला थेट नाजूक पेशींना भिडतो. म्हणून इसेन्सच्या बाटलीवरच्या ‘खाण्यास सुरक्षित’ या शब्दांचा वाफेच्या बाबतीत काहीच अर्थ उरत नाही.

हार्वर्डच्या संशोधकांनी 2015मध्ये बाजारातले ई-सिगारेटचे 51 स्वाद तपासले, त्यांपैकी 39 मध्ये डायअसिटिल सापडलं. सिगारेटच्या धुरात ते याहून कितीतरी जास्त असतं, हेही सांगायलाच हवं. पण जो सिगारेट ओढतच नव्हता, त्याला या तुलनेचा काय उपयोग?

गोडव्यासाठी सुक्रालोज ही कृत्रिम साखर घालणाऱ्यांचंही तसंच. लिक्विड तापवणाऱ्या तारेच्या वेटोळ्यावर, म्हणजे कॉइलवर, ते विघटित होतं, त्यातून क्लोरीनयुक्त हानिकारक संयुगं सुटतात आणि कॉइलवर काळं कीटण चढतं ते वेगळंच. चव बोथट वाटली की बहुतेक जण इसेन्स वाढवतात. खरं तर तोच तो वास सतत घेऊन नाक त्याला सरावलेलं असतं, त्यामुळे इसेन्स कमी करून किंवा स्वाद बदलून पाहणं जास्त शहाणपणाचं.

ब्रिटनमध्ये 2016 पासून ई-लिक्विडमध्ये डायअसिटिल घालायला मनाई आहे. स्वाद बनवणाऱ्यांनी त्याच्या जागी अ‍ॅसिटोइन वापरायला सुरुवात केली. त्याचाही वास लोण्यासारखाच, पण सौम्य. 2019मध्ये मात्र असं आढळलं की ई-लिक्विड ठेवून दिलं तर अ‍ॅसिटोइनचंच हळूहळू डायअसिटिल होतं आणि निकोटिन असेल तर आणखी लवकर. त्यामुळे ‘डायअसिटिलमुक्त’ असं लिहिलेला इसेन्स आणून कस्टर्डची बाटली महिनाभर मुरवणाऱ्याने आधी त्यात अ‍ॅसिटोइन आहे का, ते विचारावं. असेल तर तो स्वाद सोडून द्यावा, कितीही छान मुरत असला तरी.