भ्रमाशी संवाद : स्किझोफ्रेनियातील बोधात्मक वर्तनोपचाराची पार्श्वभूमी

स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाशी त्याच्या भ्रमाविषयी, म्हणजे पुरावा विरुद्ध असूनही न हलणाऱ्या समजुतीविषयी, बोलू नये, बोलल्याने भ्रम अधिकच घट्ट होतो, हा दंडक मानसोपचारात अनेक दशके पाळला गेला. जर्मन मनोविकारतज्ज्ञ व तत्त्वज्ञ कार्ल यास्पर्स यांनी १९१३ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात असे मांडले होते की, खऱ्या भ्रमाचा उलगडा माणसाच्या पूर्वायुष्यावरून होत नाही आणि कोणत्याही अनुभवाने वा युक्तिवादाने तो हलत नाही. फ्रॉइड यांनाही या आजारात मनोविश्लेषणाचा उपयोग होईल असे वाटत नव्हते, कारण असा रुग्ण उपचारकाशी भावनिक नाते जोडू शकत नाही, अशी त्यांची धारणा होती. रुग्ण काय म्हणतो यापेक्षा तो कशा प्रकारचे बोलतो एवढेच नोंदवून निदान करायचे, अशी रीत त्यातून पडली.

या समजुतीला पहिला छेद १९५२ साली गेला. ॲरन बेक या तरुण अमेरिकी मनोविकारतज्ज्ञाने एका रुग्णाची हकीकत प्रसिद्ध केली. सरकारी गुप्तहेर आपल्यावर पाळत ठेवून आहेत अशी या माजी सैनिकाची खात्री होती. बेक यांनी ती खोडून काढली नाही. ज्यांच्यावर संशय आहे त्यांच्या वागण्याचे बारकाईने निरीक्षण करायला त्यांनी त्याला सांगितले, आणि संशयितांची यादी हळूहळू आखूड होत गेली. नेमक्या त्याच वर्षी पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन या औषधाचा अशा आजारांतला गुण दिसून आला. औषधांच्या त्या लाटेत बेक यांचा लेख मागे पडला आणि ते स्वतःही नैराश्याच्या अभ्यासाकडे वळले. त्यांची बोधात्मक उपचारपद्धती, म्हणजे संवादातून माणसाचे विचार आणि समजुती तपासून पाहण्याची पद्धत, नावारूपाला आली ती नैराश्यावरचा उपचार म्हणून.

स्किझोफ्रेनियासाठी तिची खरी जडणघडण ब्रिटनमध्ये झाली, आणि तीही औषधांच्या मर्यादेतून. नियमित गोळ्या घेऊनही कित्येकांना ऐकू येणारे, प्रत्यक्षात नसलेले आवाज थांबत नव्हते. मोठी मनोरुग्णालये बंद होत असल्याने ही माणसे आता वस्तीत, घरात राहत होती. फ्रेझर वॉट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्येच मोजक्या रुग्णांवर दाखवून दिले होते की, सर्वांत कमी घट्ट असलेल्या समजुतीपासून सुरुवात केली, समजुतीऐवजी तिच्यामागच्या पुराव्याची चर्चा केली आणि थेट विरोध टाळला, तर भ्रमाची पकड सैल होऊ शकते. माझ्या मते या उपचारपद्धतीचा गाभा याच सूत्रात आहे.

१९९० च्या दशकात त्यावर इमारत उभी राहिली. डेव्हिड किंग्डन आणि डग्लस टर्किंग्टन यांनी रुग्णांना समजावून सांगितले की दीर्घ जागरणाने, एकांतवासाने किंवा जवळच्या माणसाच्या मृत्यूनंतर निरोगी माणसालाही भास होऊ शकतात. आपण माणसांतून उठलो आहोत या भीतीने खचलेल्या शुभार्थींना (स्वमदत गटांनी रुजवलेला हा शब्द ‘रुग्ण’पेक्षा मला अधिक योग्य वाटतो) एवढ्यानेही मोठा धीर मिळत असे. पॉल चॅडविक आणि मॅक्स बर्चवुड यांनी १९९४ मध्ये दाखवले की, माणसाचा छळ केवळ आवाजाच्या शब्दांनी होत नाही. तो आवाज सर्वशक्तिमान आहे, त्याचे ऐकले नाही तर अनर्थ होईल, या समजुतीने होतो. त्यामुळे आवाज बंद पाडण्यापेक्षा त्याची सत्ता तपासून पाहणे, म्हणजे आज्ञा मोडल्यावर खरोखर काय होते हे उपचारकाच्या सोबतीने बघणे, हे उपचाराचे उद्दिष्ट बनले.

२००० साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश चाचणीत औषधांना दाद न देणाऱ्या ९० जणांपैकी काहींना हे उपचार आणि इतरांना तेवढ्याच वेळ मैत्रीपूर्ण गप्पा, खेळ, छंद, चालू घडामोडी अशी सोबत देण्यात आली. नऊ महिन्यांनी दोन्ही गट सारखेच सुधारले होते. त्यानंतरच्या नऊ महिन्यांत मात्र गप्पांचा परिणाम ओसरला आणि उपचार घेतलेल्यांची सुधारणा टिकली. २००२ मध्ये कोणते उपचार द्यावेत याच्या शिफारशी करणाऱ्या इंग्लंडच्या ‘नाइस’ या संस्थेने आपल्या पहिल्याच वैद्यकीय मार्गदर्शिकेत, जी स्किझोफ्रेनियावरच होती, या उपचारांची शिफारस केली. पुढे किमान सोळा सत्रांची अट आली.

यानंतरचा इतिहास वादाचा आहे. २०१४ मधील एका मोठ्या आढाव्यात परिणाम अल्प आढळला आणि मूल्यमापन करणाऱ्याला कोणी कोणता उपचार घेतला हे ठाऊक नसलेल्या चाचण्यांत तो आणखी घटला. २०१८ मध्ये, इतर औषधे लागू न पडल्यास दिल्या जाणाऱ्या क्लोझापिननेही पुरता गुण न आलेल्या ४८७ जणांच्या चाचणीत दीर्घकालीन लाभ दिसला नाही. समर्थकांचे उत्तर असे की, या चाचण्या लक्षणांची तीव्रता मोजतात, तर उपचाराचा रोख त्रासावर असतो. हे उत्तर मला अंशतः पटते, पण त्यामुळे ही पद्धत औषधांची जागा घेते असे कोणी समजू नये.

अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ तान्या लुहरमन यांनी चेन्नई, घानातील अक्रा आणि कॅलिफोर्नियातील सॅन मटेओ येथे असे आवाज ऐकू येणाऱ्या प्रत्येकी वीस जणांच्या मुलाखती घेतल्या होत्या. अमेरिकेत हिंसक, अनोळखी आवाजांची वर्णने अधिक आली, तर चेन्नईत अनेकांना नातलगांचे आवाज येत होते आणि ते घरकाम सांगत, रागावत. आवाजाच्या सत्तेवर आधारलेली ब्रिटिश कार्यपद्धती भारतात वापरताना हा आवाज कोणाचा आहे आणि त्या व्यक्तीची आज्ञा मोडणे त्या घरात काय मानले जाते, हे आधी विचारावे लागते.