प्लाझ्मॉन अनुस्पंदन: ढकलणारे बल आणि धरून ठेवणारे बल

सोन्याचांदीचे नॅनोकण प्रकाशाने पकडण्याविषयी लिहिताना एक विधान हमखास केले जाते: लेसरची तरंगलांबी कणाच्या प्लाझ्मॉन अनुस्पंदनाशी (धातूतले मुक्त इलेक्ट्रॉन ज्या तरंगलांबीवर सर्वात जोराने डोलतात तिच्याशी) जुळवली की प्रकाशीय बल कमाल होते आणि म्हणून कण घट्ट पकडला जातो. यातला पहिला भाग बहुतांशी बरोबर आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. दोन वेगळी बले एकाच नावाखाली मोजली गेल्यामुळे हा घोळ होतो.

प्रकीर्णन (प्रकाश विखुरण्याचे) बल बहुतेकांच्या परिचयाचे असते. कणावर आदळणारा प्रकाश आपला संवेग त्याला देतो आणि शलाकेच्या दिशेने पुढे ढकलतो. इथे एवढेच बजावतो की शोषलेला प्रकाशही तितकाच ढकलतो. शोषण त्रिज्येच्या घनाच्या आणि प्रकीर्णन सहाव्या घाताच्या प्रमाणात बदलत असल्यामुळे काही दशक नॅनोमीटर व्यासाच्या सोन्याच्या कणावर शोषणाचाच वाटा मोठा असतो, आणि तो वगळून केलेली गणिते मला मुळीच मान्य नाहीत.

ग्रेडियंट बल कणाला जिथे तीव्रता जास्त असेल तिकडे ओढते. अ‍ॅश्किन आणि सहकाऱ्यांनी 1986 मध्ये बेल प्रयोगशाळेत दाखवलेला एका शलाकेचा प्रकाशचिमटा याच बलावर उभा आहे.

आता खरी अडचण. दोन्ही बले कणाच्या ध्रुवणशीलतेवर, म्हणजे विद्युतक्षेत्रात कणातील धन-ऋण प्रभार किती सहज वेगळे सरकतात यावर अवलंबून असतात, परंतु ध्रुवणशीलता ही संमिश्र संख्या आहे. तिच्या काल्पनिक भागातून ढकलणारे बल येते आणि वास्तव भागातून ओढणारे. दोरीला बांधलेले वजन हातात धरून हात आडवा, अगदी सावकाश हलवून पाहावा: वजन हाताबरोबर जाते. हात त्याच्या नैसर्गिक लयीत हलवला तर झोका मोठा होतो, पण वजन हाताच्या पाव आवर्तन मागे राहते. हात फार वेगाने हलवला तर ते हाताच्या उलट दिशेला जाते. धातूच्या कणातील इलेक्ट्रॉनांचे विद्युतक्षेत्राशी असलेले नाते नेमके असेच असते. अनुस्पंदनापेक्षा लांब तरंगलांबीवर द्विध्रुव (कणात वेगळ्या सरकलेल्या धन-ऋण प्रभारांची जोडी) क्षेत्राबरोबर डोलतो, म्हणून कण तीव्र प्रकाशाकडे ओढला जातो. आखूड तरंगलांबीवर तो क्षेत्राच्या विरुद्ध डोलतो, आणि कण तीव्र प्रकाशातून बाहेर फेकला जातो. बरोबर अनुस्पंदनावर पाव आवर्तनाच्या अंतरामुळे ओढ जवळजवळ नाहीशी होते, तर कण क्षेत्रातून सर्वाधिक ऊर्जा घेत असल्यामुळे ढकलणे कळसाला पोहोचते. म्हणजे लेसर अगदी जुळवणारा माणूस कण पकडण्याऐवजी तो पुढे ढकलून देण्याची आणि भोवतालचे पाणी तापवण्याची व्यवस्था करत असतो.

लेसर अनुस्पंदनापासून लाल (लांब तरंगलांबीच्या) बाजूला सरकवत नेला की ओढ आधी वाढते, अर्ध्या रेषारुंदीच्या (अनुस्पंदनाच्या शिखराच्या रुंदीच्या निम्म्या) आसपास कमाल होते आणि मग हळूहळू उतरते. त्याहून दूर गेल्यावर ओढ अनुस्पंदनापासूनच्या अंतराच्या व्यस्त प्रमाणात घटते, ढकलणे मात्र अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात. त्यामुळे कमाल ओढीच्या जागेपेक्षाही आणखी लाल बाजूला जाणे मला श्रेयस्कर वाटते: ओढ थोडी कमी होते, पण उष्णता आणि धक्का कितीतरी जास्त कमी होतात.

स्वोबोदा आणि ब्लॉक यांनी 1994 मध्ये 36 नॅनोमीटरचे सोन्याचे कण जवळच्या अवरक्त प्रकाशात पकडले, तेव्हा पाण्यातल्या अशा कणांचे अनुस्पंदन सुमारे 520 नॅनोमीटरवर, म्हणजे लेसरपासून खूप दूर होते. तितक्याच आकाराच्या लॅटेक्स कणाच्या सुमारे सातपट ध्रुवणशीलता तिथे मिळाली, आणि ती अनुस्पंदनामुळे नव्हे, तर धातूतले मुक्त इलेक्ट्रॉन त्या क्षेत्राला सहज प्रतिसाद देतात म्हणून. या प्रयोगाचे श्रेय अनुस्पंदनाला देणारे लेखन वाचून मला खरोखर वाईट वाटते.

सोन्याच्या गोल कणात आंतरपट्टीय शोषण (बद्ध इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जापट्टीत उडी घेताना होणारे शोषण) मधे येते आणि निळ्या बाजूची उलट दिशेची ढकल स्पष्ट दिसत नाही. ती पाहायची तर अनुस्पंदन अवरक्ताकडे सरकलेल्या सोन्याच्या नॅनोदांड्या घ्याव्यात. पेल्टन आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये दांड्यांच्या बाबतीत लाल बाजूला आकर्षण आणि निळ्या बाजूला प्रतिकर्षण दाखवले.

मात्र अनुस्पंदन पकडल्या जाणाऱ्या कणाचे नसून पकडणाऱ्या रचनेचे असेल, तर हा सगळा हिशेब बदलतो. सोन्याच्या दोन तुकड्यांमधल्या फटीत पॉलिस्टायरीनचा कण धरायचा असेल, तेव्हा कणाची ध्रुवणशीलता तरंगलांबीनुसार फारशी बदलत नाही. अनुस्पंदनामुळे फटीतील क्षेत्र आणि त्याचा उतार मात्र तीव्र होतो, म्हणून तिथे लेसर जुळवण्याला अर्थ आहे. तरीही धातू तापतोच, आणि पाण्यातील प्रवाह व तापमानाच्या उतारामुळे होणारी कणाची हालचाल अनेकदा प्रकाशीय बल म्हणून मोजली जाते. अशा मापनांत तापमानवाढ स्वतंत्रपणे नोंदवलेली नसेल, तर बलाचा आकडा मी ग्राह्य धरत नाही.