उलटप्रश्न मेलवर की चॅटवर?

समजा, एका वाचकाने ग्रंथालयाला विचारलं, ‘कोकणावर पुस्तकं आहेत का?’ लगेच यादी पाठवता येईल. पण त्याला हवी असते खोती पद्धतीची, म्हणजे कोकणात खोतामार्फत शेतसारा वसूल करण्याच्या जुन्या पद्धतीची माहिती, पणजोबांच्या जमिनीचे कागद समजून घेण्यासाठी. ग्रंथपालाने दोन-तीन उलटप्रश्न विचारले, की मग रत्नागिरीचं १८८० चं गॅझेटियर (जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ), डॉ. आंबेडकरांचं १९३७ चं खोतीविरोधी विधेयक आणि १९४९ चा खोती निर्मूलन कायदा बाहेर निघतात. संदर्भसेवेचा, म्हणजे वाचकाला हवी ती माहिती शोधून देण्याच्या कामाचा जीव या उलटप्रश्नांत आहे.

ई-मेलमध्ये नेमकं हेच अवघड जातं. मेल एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर जातो आणि उघडला जाईपर्यंत तिथेच थांबतो. समोरचा सर्व्हर बंद असेल, तर पाठवणारा सर्व्हर सहसा चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. म्हणूनच रात्री पाठवलेला प्रश्न सकाळी ग्रंथपालाला मिळतो. अमेरिकेत बाल्टिमोरच्या मेरीलँड विद्यापीठाच्या आरोग्यविज्ञान ग्रंथालयाने १९८४ मध्येच असे प्रश्न घ्यायला सुरुवात केली होती. मात्र एका उलटप्रश्नाला एक दिवस, तर तीन प्रश्नांना तीन दिवस! यावर साधा उपाय म्हणजे नुसता पत्ता देण्याऐवजी छोटा फॉर्म द्यावा: विषय कोणता, कशासाठी, कोणत्या भाषेत, कधीपर्यंत. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेला ‘वाचकाचा वेळ वाचवा’ हा नियम इथे तंतोतंत लागू पडतो.

चॅटमध्ये दोन्ही बाजू एकाच वेळी हजर असतात, त्यामुळे उलटप्रश्न मिनिटभरात सुटतो. पण वाट पाहणाऱ्या वाचकामुळे घाईही होते, आणि गॅझेटियर चाळायला वेळ लागतोच. माझं स्पष्ट मत आहे, की प्रश्न चॅटवर उलगडावा आणि उत्तर पानांच्या क्रमांकांसह मेलने पाठवावं. पुस्तकाची मुदत, नूतनीकरण, सुट्टीची वेळ यांना चॅट पुरेसं आहे.

एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. व्हॉट्सअ‍ॅपचा निरोप वाटेत कूटबद्ध असतो, म्हणजे तिसऱ्याला वाचता येत नाही, पण ग्रंथालयाच्या फोनवर तो सरळ वाचता येतो, आणि तो फोन काउंटरवर हातोहात फिरतो. कुणी आजाराबद्दल विचारलेलं असतं, कुणी घटस्फोटाच्या कायद्याबद्दल. काम झालं की असे संवाद पुसावेत. उत्तर पुढे उपयोगी पडणार असेल, तर नाव आणि नंबर वगळून नोंदवहीत उतरवावं.