देहूची पायफेरी : इंद्रायणीकाठची एक सकाळ

आमच्याबरोबर देहूला येणाऱ्या मंडळींसाठी हे माहितीपत्रक आहे. आदल्या रात्री एकदा वाचून ठेवा, म्हणजे सकाळी वाटेवर थांबून बघायला मोकळा वेळ मिळेल.

देहू बरेच जण गाडीतूनच उरकतात. देऊळ, गाथा मंदिर आणि लगेच आळंदीचा रस्ता. दर्शन होतं, पण घर, देऊळ आणि डोह एकमेकांच्या किती जवळ आहेत ते कळत नाही. तुकोबांच्या आयुष्यातलं बरंचसं या चालत जाण्याएवढ्या अंतरात घडलं, म्हणून आम्ही गाडी गावाबाहेर ठेवतो. चढ नाही, घाई नाही. सगळी चाल पाच किलोमीटरांच्या आतली आहे आणि बसत-उठत चाललं तरी तीन तासांत होते. आजी-आजोबा आणि शाळकरी मुलं आरामात येतात. गुडघे दुखत असतील तर घाटाच्या पायऱ्या टाळून वरूनच नदी बघता येते, तसं आधी सांगा.

सुरुवात विठ्ठल-रखुमाईच्या देवळापासून. तुकोबांचे आठवे पूर्वज विश्वंभरबाबा पंढरीची वारी करत. त्यांना दृष्टान्त झाला आणि या मूर्ती देहूतच सापडल्या, अशी परंपरा आहे. तुकोबांच्या काळापर्यंत देऊळ मोडकळीला आलं होतं; ते त्यांनी स्वतः राबून पुन्हा उभं केलं. आवारातच शिळा मंदिर आहे. त्या शिळेपुढे थोडा वेळ बसा, पण तिची गोष्ट आम्ही तिथे सांगत नाही. ती घाटावर सांगायची आहे.

घाटावर आपण सर्वांत जास्त वेळ घालवतो, निदान पाऊण तास. या इंद्रायणीने तुकोबांचे कागद दोनदा पोटात घेतले. घर महाजनांचं, दुकानदारी आणि सावकारीचं. १६३०च्या सुमाराच्या भीषण दुष्काळाने सगळं मोडलं. पहिली पत्नी रखुमाबाई गेली, मुलगा संतू गेला. लोकांकडून येणं होतं, त्याची कर्जखतं घरात होती. तुकोबांनी ती धाकट्या भावाबरोबर, कान्होबाबरोबर, वाटून घेतली आणि आपल्या वाट्याची नदीत सोडली. लोकांची देणी त्यांच्यापुरती तिथेच संपली.

दुसऱ्यांदा बुडाल्या त्या अभंगांच्या वह्या. वाघोलीचे शास्त्री रामेश्वर भट यांच्या आक्षेपानंतर त्या डोहात सोडाव्या लागल्या आणि तुकोबा नदीकाठच्या शिळेवर तेरा दिवस अन्नपाण्यावाचून बसून राहिले. वह्या कोरड्या वर आल्या, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. तुम्ही देवळात पाहिलेली शिळा तीच. रामेश्वर भट पुढे तुकोबांचेच शिष्य झाले, हा भाग सांगायला लोक विसरतात, म्हणून आम्ही तो मुद्दाम सांगतो. खतं स्वतःहून सोडली आणि अभंग सोडावे लागले. या दोन्ही गोष्टी पाण्याकडे बघत लागोपाठ ऐकल्या की मंडळी आपोआप गप्प होतात. तेव्हा आम्हीही बोलत नाही.

नदीबद्दल एक कळकळीची विनंती. इंद्रायणीचं पाणी आज पिण्यासारखं राहिलेलं नाही. तीर्थ म्हणून तोंडात घेऊ नका, डोळ्यांना लावू नका. लांबूनच नमस्कार करा. निर्माल्य, पिशव्या, द्रोण काहीही पाण्यात टाकू नका. पावसाळ्यात आम्ही कोणालाही पाण्याच्या कडेला जाऊ देत नाही. याच नदीवर वरच्या अंगाला कुंडमळ्याला १५ जून २०२५ रोजी जुना लोखंडी पूल कोसळला आणि माणसं गेली. त्यामुळे या बाबतीत कोणी कितीही आग्रह केला तरी आमचं उत्तर बदलत नाही.

घाटावरून वैकुंठस्थान. १६५० साली फाल्गुन वद्य द्वितीयेला तुकोबा इथून वैकुंठाला गेले असं मानतात. तीच तुकाराम बीज. इथला नांदुर्कीचा वृक्ष बीजेच्या दिवशी भर दुपारी हलतो, असं सांगतात आणि तो क्षण बघायला लाखो लोक जमतात. एरवीच्या सकाळी त्या सावलीत शांतता असते. शिदोरी आपण जवळपासच, मंदिराच्या आवाराबाहेर सोडतो. पुढे गाथा मंदिर. भिंतींवर कोरलेले अभंग उभ्या-उभ्या वाचायचे म्हटले तर दिवस पुरणार नाही, म्हणून प्रत्येकाने एकच निवडून सावकाश वाचावा, असं आम्ही सुचवतो.

परतताना वेशीबाहेर अनगडशाह बाबांचा दर्गा लागतो. तुकोबांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ साली पालखी सोहळा सुरू केला. ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूत प्रस्थान होतं, पहिला मुक्काम गावातल्याच इनामदार वाड्यात असतो आणि दुसऱ्या दिवशी आकुर्डीकडे निघाल्यावर पालखीची पहिली अभंगआरती या दर्ग्यापाशी होते. तिथेही आपण थांबतो.

ज्यांच्या पायांत अजून बळ असेल त्यांच्यासाठी नदीपलीकडे भंडारा डोंगर आहे. तुकोबा एकांतासाठी तिथे जात आणि त्यांची दुसरी पत्नी जिजाबाई भाकरी घेऊन मागोमाग डोंगर चढत. डोंगरात बौद्ध लेणीही आहेत. आता वरपर्यंत गाडीरस्ता आहे. हा भाग ऐच्छिक आहे, पण नाव आधी द्यावं लागतं, कारण वाहन वेगळं ठरवतो.

लोकलने येणाऱ्यांनी ध्यानात ठेवा : देहूरोड स्टेशन म्हणजे देहूगाव नव्हे. उतरल्यावर रिक्षाने आणखी पाच-सहा किलोमीटर यायचं आहे, तेवढा वेळ हाताशी धरा. आपण सातला चालायला लागतो.

देवळांत पादत्राणं काढावी लागतात, म्हणून पटकन निघणाऱ्या चपला किंवा सँडल घाला. टोपी, पाण्याची भरलेली बाटली आणि रोजची औषधं जवळ हवीत. एकादशी, बीज आणि प्रस्थानाच्या दिवसांत आम्ही ही फेरी ठेवत नाही. त्या दिवशी तिथली जागा वारकऱ्यांची असते.