स्वायत्त लष्करी ड्रोन आणि मानवी नियंत्रण

एकदा सोडल्यावर माणसाच्या नव्या आदेशाविना लक्ष्य शोधून, ओळखून त्यावर मारा करणारे ड्रोन म्हणजे स्वायत्त लष्करी ड्रोन. आपोआप उडणे, ठरल्या मार्गाने परतणे यावरून कोणी भांडत नाही. वाद आहे तो लक्ष्य कोणी निवडले आणि माऱ्याचा निर्णय कोणी घेतला, एवढ्याचाच.

चर्चेत सहसा तीन प्रकार मानतात : माणसाच्या होकाराशिवाय मारा न करणारी यंत्रणा, आपण होऊन मारा करणारी, पण माणसाला थांबवता येणारी, आणि माणसाचा हस्तक्षेपच नसलेली. विभागणी सोयीची असली तरी फसवी आहे. बटण माणसाच्या हाती असले म्हणजे नियंत्रणही त्याच्याच हाती असते, असे नाही. मार्च २००३ मध्ये इराक युद्धात अमेरिकेच्या पेट्रियट क्षेपणास्त्र यंत्रणेने ब्रिटनचे टॉर्नेडो विमान पाडले आणि त्यातले दोघेही ठार झाले. यंत्रणेने परतणाऱ्या विमानाला रडारवर मारा करायला येणारे क्षेपणास्त्र ठरवले होते. विमानाची मित्र-ओळख यंत्रणाही चालली नाही. होकार माणसांनीच दिला, पण पडद्यावरचे उत्तर पडताळायला ना वेळ होता ना दुसरी माहिती. यंत्राच्या निष्कर्षावर असा भरवसा टाकण्याची सवय हा या वादातला सर्वांत दुर्लक्षित मुद्दा म्हणावा लागेल.

म्हणून जाणकार बटणापेक्षा आधी घातलेल्या मर्यादा पाहतात : शोधाचे क्षेत्र किती, घिरट्या किती वेळ, लक्ष्याचा प्रकार कोणता, आणि संपर्क तुटला तर ड्रोनने परतायचे, स्वतःला नष्ट करायचे की मोहीम पुढे न्यायची. इस्राएलचे हार्पी ड्रोन हे जुने उदाहरण. ते आकाशात घिरट्या घालत शत्रूच्या रडारच्या लहरी हेरते आणि त्या रडारवरच कोसळते. लक्ष्य अरुंद आहे, पण रडार इस्पितळाशेजारी उभे असेल तर संवेदकाला ते कळत नाही. सोडल्यानंतर जितका वेळ जाईल, तितकी सोडणाऱ्याची माहिती शिळी होते.

स्वायत्ततेकडे ढकलणारे मोठे कारण जॅमिंग, म्हणजे रेडिओ संपर्कात शत्रूने आणलेला अडथळा. युक्रेन युद्धात कॅमेऱ्यातून पाहत उडवल्या जाणाऱ्या छोट्या ड्रोनचा रेडिओ संपर्क नेमका लक्ष्याजवळ तुटतो. तिथे जॅमर असतात, शिवाय ड्रोन खाली आले की जमिनीचे चढउतार आड येतात. यावर तोड म्हणून चालक लक्ष्य निवडून देतो आणि शेवटचे अंतर सॉफ्टवेअर कापते. निवड इथे माणसाचीच राहते. दुसरी तोड फायबर ऑप्टिक तारेची : ड्रोन मागे कित्येक किलोमीटर तार सोडत जाते, ती जॅम होत नाही आणि चित्र शेवटपर्यंत दिसते. रिळाचे वजन वाढते, तार झाडांत अडकते, तुटते. तरीही जॅमिंगमुळे स्वायत्ततेवाचून गत्यंतर नाही, हा दावा या तारेमुळे लंगडा पडतो.

धूर, चिखल, जाळीचे आच्छादन किंवा प्रशिक्षणात न दिसलेला कोन यांमुळे सॉफ्टवेअरची ओळख चुकते. त्याहून अवघड गोष्ट म्हणजे शरण येणारा किंवा जखमी सैनिक. त्याच्यावर मारा निषिद्ध आहे, पण ते ठरते प्रसंगावरून, नुसत्या आकारावरून नव्हे. लष्करी लाभाच्या मानाने नागरी हानी जास्त आहे का, हे तोलणेही असेच.

लिबियात मार्च २०२० मध्ये माघार घेणाऱ्या सैन्यावर तुर्की बनावटीचे कारगू-२ ड्रोन वापरल्याचे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी २०२१ च्या अहवालात म्हटले. ते स्वायत्त रीतीने चालले का आणि त्यात कोणी मेले का, हे मात्र त्यातून स्पष्ट होत नाही.

जिनिव्हात २०१४ पासून अशा शस्त्रांवर देशांची चर्चा चालू आहे. २०१९ मध्ये ११ मार्गदर्शक तत्त्वे ठरली, पण तिथे निर्णय सर्वसहमतीने होत असल्याने करार पुढे सरकत नाही. आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीने २०२१ मध्ये माणसांवर रोखलेल्या आणि ज्यांच्या वर्तनाचा अंदाज येत नाही अशा स्वायत्त शस्त्रांवर बंदी, बाकीच्यांवर निर्बंध सुचवले. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत डिसेंबर २०२३ मध्ये या शस्त्रांविषयीच्या ठरावाला १५२ देशांनी पाठिंबा दिला. विरोधात चार मते पडली : रशिया, बेलारूस, माली आणि भारत. बंधनकारक कराराची वेळ अजून आलेली नाही, ही भारताची भूमिका. अमेरिकेच्या २०१२ च्या, २०२३ मध्ये सुधारलेल्या निर्देशात प्रत्येक माऱ्याला माणसाचा होकार हवा, असा समज रूढ आहे; प्रत्यक्षात त्यात बलप्रयोगावर मानवी निर्णयबुद्धीची ‘योग्य पातळी’ एवढेच मागितले आहे.

करार झाला तरी तपासणीचा पेच उरतोच. क्षेपणास्त्रे मोजता येतात. पण चालकाने निवडलेल्या लक्ष्याचा माग काढणारे ड्रोन आणि स्वतः लक्ष्य निवडणारे ड्रोन यांचे कॅमेरे व चिप एकच असू शकतात, फरक फक्त सॉफ्टवेअरचा.