यादीत नसलेले पॅकेज: पायथन प्रकल्पांतील आवृत्त्यांचा हिशेब

फेब्रुवारी २०२२ मध्ये मार्कअपसेफ नावाच्या एका छोट्या पायथन पॅकेजची (म्हणजे पायथन भाषेतील आयत्या कोडच्या गठ्ठ्याची) २.१.० ही आवृत्ती प्रसिद्ध झाली आणि त्यापाठोपाठ अनेक वेब प्रकल्प, ज्यांच्या कोडमध्ये कोणी एका अक्षराचाही बदल केला नव्हता, नव्याने उभारताना बंद पडू लागले. पडद्यावर उमटणारी तक्रार सगळीकडे एकच होती: मार्कअपसेफमधून ‘सॉफ्ट_युनिकोड’ हे नाव आयात करता येत नाही. गंमत अशी, की यांपैकी अनेक प्रकल्पांनी मार्कअपसेफ कधी मागितलेच नव्हते. त्यांनी मागितले होते फ्लास्क, म्हणजे संकेतस्थळे उभारण्याचा सांगाडा. फ्लास्कला पानांचे साचे भरण्यासाठी जिंजा लागते. आणि पानात घातलेल्या मजकुरातील धोकादायक चिन्हे निष्प्रभ करण्यासाठी जिंजाला मार्कअपसेफ लागते.

काही प्रकल्पांनी तर काळजी घेऊन जिंजाची आवृत्ती पिनही केली होती. यादीत ‘जिंजा२==२.११.३’ असे लिहिले, की पिप हे पॅकेजे बसवणारे साधन नेमकी तीच आवृत्ती आणते, तिच्या पुढची नाही आणि मागचीही नाही. पण जिंजाच्या त्या आवृत्तीने स्वतःच्या गरजांत मार्कअपसेफबद्दल एवढेच लिहिले होते, की ०.२३ किंवा त्यापुढची कोणतीही आवृत्ती चालेल. वरची मर्यादा नव्हती. त्यामुळे पिपने त्या दिवशी उपलब्ध असलेली सर्वांत नवी, म्हणजे २.१.०, उचलली आणि तिच्यातून ‘सॉफ्ट_युनिकोड’ हे जुने फंक्शन काढून टाकलेले होते. ते काढले जाणार असल्याची सूचना मे २०२१ मधल्या २.० आवृत्तीपासून दिली जात होती, आणि जिंजा व मार्कअपसेफ ही दोन्ही पॅकेजे पॅलेट्स हा एकच गट सांभाळतो. तरीही हे घडले. तेव्हा निष्काळजीपणा कोणाचा, हा प्रश्न फारसा उपयोगाचा नाही. आपण नावाने मागितलेली पॅकेजे बांधून ठेवली म्हणजे प्रकल्प बांधला गेला, ही समजूतच मुळात चुकीची आहे.

प्रत्येक वेळी सगळ्यांत नवे पॅकेज घेऊन हा प्रश्न का सुटत नाही, हे कळण्यासाठी पायथनची एक मर्यादा लक्षात घ्यावी लागते. पायथनमध्ये पॅकेज त्याच्या नावाने शोधले जाते आणि एकदा सापडून स्मृतीत आले, की चालू प्रोग्रॅमभर त्या नावाने तेच मिळत राहते. म्हणून एका एन्व्हायर्नमेंटमध्ये, म्हणजे प्रकल्पाची पॅकेजे बसवलेल्या जागेत, एका पॅकेजची एकच आवृत्ती नांदू शकते. जावास्क्रिप्टच्या जगात एनपीएम हे साधन प्रत्येक पॅकेजच्या पोटात त्याला हवी ती आवृत्ती वेगळी बसवू शकते. पायथनमध्ये ही सोय नाही. एका पॅकेजला नमपाय या आकडेमोडीच्या पॅकेजची २.० च्या आतली आवृत्ती हवी असेल आणि दुसऱ्याला २.० च्या पुढची, तर दोघांना एकत्र ठेवता येत नाही आणि पिप तसे सांगून काम थांबवते.

हा नमपायचा दाखला काल्पनिक नाही. १६ जून २०२४ रोजी आलेली नमपाय २.० ही २००६ नंतरची त्या प्रकल्पाची पहिली मोठी उडी होती आणि तिने केवळ काही नावे काढली नाहीत, तर यंत्रभाषेच्या पातळीवरची रचनाही बदलली. सी भाषेत किंवा सायथन या सीमध्ये रूपांतरित होणाऱ्या पायथनसदृश भाषेत लिहून नमपाय १ च्या आधारे संकलित केलेली, म्हणजे यंत्रभाषेत उतरवलेली, पॅकेजे २.० सोबत चालवली, तर ती कोसळू शकतात, असा इशारा नमपाय स्वतःच छापत असे. ज्यांच्या यादीत नुसते ‘नमपाय’ एवढेच लिहिलेले होते, त्यांना या बदलाची तारीख स्वतः निवडता आली नाही.

प्रत्येक पॅकेजच्या डझनावारी आवृत्त्या, प्रत्येक आवृत्तीच्या वेगळ्या अटी आणि सगळ्या अटी पाळणारा एक संच शोधायचा, हे कोडे गणिताच्या दृष्टीने कठीण आहे. संगणकशास्त्रात ज्या प्रश्नांना एनपी-कम्प्लीट म्हणतात, त्या वर्गात ते बसते. म्हणजे कोणत्याही प्रसंगी हमखास झटपट उत्तर देणारी पद्धत अद्याप कोणाला सापडलेली नाही. व्यवहारात साधने अंदाजाने एक आवृत्ती धरतात, पुढे अडले की मागे येऊन दुसरी धरून पाहतात. पिप तर बरीच वर्षे एवढेही करत नसे. जी अट आधी भेटली ती मानून मोकळे होत असे. नोव्हेंबर २०२० मधल्या २०.३ आवृत्तीपासून ते नेटाने शोध घेऊ लागले, आणि तेव्हा अनेकांना पहिल्यांदाच कळले, की आपल्या यादीतल्या अटी आपसांत जुळतच नव्हत्या.

एवढ्या कष्टाने मिळालेले उत्तर पुन्हापुन्हा शोधण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवावे, हा लॉक फाइलमागचा विचार आहे. सामायिक रिपॉझिटरीत, म्हणजे सर्वांनी मिळून वापरायच्या कोडच्या साठ्यात, त्यासाठी दोन फाइली ठेवणे शहाणपणाचे ठरते. पहिल्या फाइलीत माणसाने लिहिलेली, मोजकी आणि शक्य तितकी सैल मागणी असते: फ्लास्क हवे, आणि फार तर अमुक आवृत्तीच्या पुढचे. दुसऱ्या, म्हणजे लॉक फाइलीत साधनाने काढलेले पूर्ण उत्तर असते, ज्यात मार्कअपसेफसारखी अप्रत्यक्षपणे आलेली सगळी पॅकेजे नेमक्या आवृत्तीसह नोंदलेली असतात. पिप-टूल्स, पोएट्री आणि २०२४ मध्ये आलेले, रस्ट भाषेत लिहिलेले यूव्ही ही साधने आपापल्या पद्धतीने हेच करतात. पिप-टूल्सच्या उत्तरातील एक बारकावा मला विशेष उपयोगी वाटतो. ‘मार्कअपसेफ==२.०.१’ या ओळीखाली ते एक टिपण लिहिते: ‘# व्हाया जिंजा२’. दहा जणांनी मिळून चालवलेल्या रिपॉझिटरीत वर्षभराने कोणी ‘हे पॅकेज कोणी आणि कशाला आणले’ असे विचारले, तर उत्तर तिथेच लिहिलेले असते.

अनेकांचे हात लागणाऱ्या रिपॉझिटरीत खरी गुंतागुंत पुढे येते. समजा, दोन सहकाऱ्यांनी आपापल्या शाखेत, म्हणजे कोडच्या स्वतंत्र प्रतीत, एकेक नवे पॅकेज जोडले आणि दोघांनी स्वतंत्रपणे लॉक फाइल तयार केली. दोन्ही शाखा एकत्र करताना गिट हे कोडमधील बदलांची नोंद ठेवणारे साधन ओळी पाहते, अटी पाहत नाही. बदल वेगवेगळ्या ओळींवर असतील, तर गिट ते निमूटपणे जोडून टाकते आणि तयार होतो असा संच, जो कोणत्याही साधनाने कधी तपासलेलाच नाही. गिटने संघर्ष दाखवला तर उलट बरेच म्हणायचे. पोएट्रीच्या लॉक फाइलीत मूळ मागणीवरून काढलेला एक हॅश, म्हणजे आशय बदलला की बदलणारी खूण, शेवटी नोंदवलेला असतो आणि त्यामुळे अशा दोन शाखा त्या ओळीवर हमखास भिडतात. पुष्कळांना याचा वैताग येतो, पण माझ्या मते ही धडक उपकारक आहे. अशा वेळी लॉक फाइलीतील ओळी हाताने निवडत बसू नये. मागणीची फाइल तेवढी नीट जोडावी, मुख्य शाखेतील लॉक फाइल घ्यावी आणि साधनाकडून ती पुन्हा काढून घ्यावी. पिप-टूल्स आधीची उत्तरफाइल समोर असेल तर तिच्यातील आवृत्त्या शक्यतो तशाच ठेवते, त्यामुळे एक पॅकेज जोडताना इतर चाळीस हलत नाहीत आणि तपासणाऱ्यालाही बदल वाचता येतो.

लॉक फाइल कोणत्या यंत्रावर काढली, यानेही फरक पडतो. मॅकवर पिप-टूल्सने काढलेल्या यादीत लिनक्सपुरतीच लागणारी पॅकेजे नसतात, आणि सर्व्हर बहुधा लिनक्सवरच असतो. पोएट्री आणि यूव्ही सर्व यंत्रणांना पुरेल असे एकच उत्तर काढतात. प्रत्येक साधनाची लॉक फाइल निराळी असण्याचा त्रास कमी व्हावा म्हणून मार्च २०२५ मध्ये ‘पायलॉक’ या सामाईक स्वरूपाला पायथनचे मानक म्हणून मान्यता मिळाली.

इतरांनी वापरावयाच्या लायब्ररीचे गणित मात्र उलटे आहे. तिने स्वतःच्या गरजा ‘==’ लावून जाहीर केल्या, तर वापरणाऱ्याच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये दुसऱ्या कोणाला त्या पॅकेजची निराळी आवृत्ती घेण्यास वावच उरत नाही. नेमकेपणा अंतिम प्रकल्पाच्या लॉक फाइलीत असावा, लायब्ररीच्या जाहीर अटींत नव्हे. एकाच रिपॉझिटरीत अंतर्गत लायब्ररी आणि त्यांवर चालणाऱ्या सेवा शेजारी शेजारी असतात, तेव्हा हा भेद सर्रास विसरला जातो.

पिन केलेली यादी तशीच पडून राहिली, तर तिच्यातील सुरक्षेची भोकेही जशीच्या तशी जपली जातात. रिक्वेस्ट्स या अतिशय लोकप्रिय पॅकेजमध्ये प्रॉक्सीची, म्हणजे मध्यस्थ सर्व्हरसाठीची, ओळखपत्रे नको त्या सर्व्हरकडे जाण्याचा दोष होता. तो मे २०२३ मधल्या २.३१.० आवृत्तीत दुरुस्त झाला. २.२८ वर पिन केलेल्या प्रकल्पापर्यंत ही दुरुस्ती आपोआप पोहोचणार नाही. म्हणून डिपेंडाबॉट किंवा रेनोव्हेटसारखी साधने ठरावीक काळाने नव्या आवृत्त्यांचे प्रस्ताव आणतात, चाचण्या त्यांवर चालतात आणि माणूस निर्णय घेतो. थोडे थोडे आणि वारंवार पुढे सरकणे, दोन वर्षांनी एकदम साठ पॅकेजे बदलण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडते.

घाईने पुढे सरकण्यालाही धोका असतो. मे २०२२ मध्ये सीटीएक्स या जुन्या पॅकेजच्या सांभाळकर्त्याच्या ईमेलचे डोमेन मुदत संपून मोकळे झालेले होते. एकाने ते विकत घेतले, त्या पत्त्यावर पासवर्ड बदलून घेतला आणि एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्समधील, म्हणजे प्रोग्रॅमला बाहेरून पुरवलेल्या मूल्यांमधील, गुपिते चोरणारा कोड पॅकेजच्या नावाखाली चढवला. अशा प्रसंगी आवृत्तीचा क्रमांक पिन करणेही अपुरे पडू शकते, कारण पायपीआय या पॅकेज-भांडारात त्याच क्रमांकाखाली नंतर आणखी एखादी फाइल जोडता येते. लॉक फाइलीत प्रत्येक फाइलीचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे तिच्या आशयावरून काढलेली ६४ अक्षरांची खूण, नोंदवली आणि पिपला ती तपासायला लावले, तर नोंद नसलेली फाइल बसवलीच जात नाही.

आणि तरीही एक फट उरते. जुलै २०२३ मध्ये सायथन ३.० आले, तेव्हा सेटिंग्जच्या फाइली वाचणारे पॅकेज ‘पायवायएएमएल==५.४.१’ असे काटेकोरपणे पिन केलेले प्रकल्प मोडले. या आवृत्तीची आयती संकलित फाइल पायथन ३.९ पर्यंतच उपलब्ध होती. ३.१० किंवा पुढच्या पायथनवर पिप मूळ कोड उतरवून तो तिथेच संकलित करते, त्यासाठी तात्पुरते, वेगळे एन्व्हायर्नमेंट उभारते आणि त्यात पॅकेजने बिल्डसाठी, म्हणजे या संकलनासाठी, मागितलेली साधने आणते. त्या मागणीत नुसते ‘सायथन’ लिहिलेले होते. प्रकल्पाच्या लॉक फाइलीला या तात्पुरत्या जागेचा पत्ताच नव्हता. ॲमेझॉनच्या एडब्ल्यूएस कमांड-लाइन साधनाने पायवायएएमएलला ५.५ च्या आत बांधून ठेवलेले असल्याने अनेकांना ६.० वर जाण्याची वाटही मोकळी नव्हती. पुढे ६.०.१ मध्ये बिल्डच्या मागणीत सायथनला ३.० च्या आत बांधण्यात आले, पण ५.४.१ ची प्रसिद्ध झालेली फाइल बदलता येत नाही. ती आजही नव्या पायथनवर बसवायची असेल, तर बिल्डच्या साधनांसाठी ‘सायथन<३’ (म्हणजे ३ च्या आत) अशी वेगळी मर्यादा स्वतः द्यावी लागते, किंवा आधी संकलित करून ठेवलेली फाइल आपल्याच सर्व्हरवरून पुरवावी लागते.