वार्षिक अंक: आधी अहवाल, मग उरलं तर साहित्य

1999-2000 या वर्षी नाशिकच्या एका कॉलेजच्या वार्षिक नियतकालिकाचा मी विद्यार्थी संपादक होतो. त्या वर्षीचं सगळ्यात मोठं भांडण पानांवरून झालं. एनएसएसचं शिबिर, जिमखान्याचा अहवाल, गुणवंतांचे पासपोर्ट फोटो, प्राचार्यांचं मनोगत हे सगळं बसवल्यावर जी पानं उरतील ती साहित्याला. हा अन्याय खास आमच्याच वाट्याला आलाय, अशी आमची तेव्हाची समजूत होती. प्रत्यक्षात हे अंक जन्मापासूनच असे आहेत.

नाशिकमध्ये गोखले एज्युकेशन सोसायटीचं एच.पी.टी. कॉलेज 1924 साली सुरू झालं. तेव्हा विद्यापीठ मुंबईचं होतं. पुणे विद्यापीठ आलं 1949 साली. त्या काळच्या कॉलेज-मॅगझिनचं मुख्य काम संस्थेची नोंद ठेवणं हेच असे. कोण आलं, कोण पास झालं, कुठला चषक मिळाला, वगैरे. इंग्रजी विभाग पुढे आणि देशी भाषा मागे, अशी बैठकव्यवस्था. पुढे मराठी पुढच्या पानांवर आली, तरी अहवाल जागचा हलला नाही. कारण साधं आहे: नियतकालिकाचं शुल्क प्रवेशाच्या वेळीच प्रत्येकाकडून घेतलं जातं. पैसे सगळ्यांचे, म्हणून कबड्डीच्या संघाचा फोटोही हवा आणि प्रयोगशाळा सहायकांच्या निवृत्तीची बातमीही. संपादकाला हे पटत नाही, पण हिशेब चुकीचा नाही.

साहित्याला त्यामुळे बाहेरच्या वाटा शोधाव्या लागल्या. एच.पी.टी.त शिकत असताना वि. वा. शिरवाडकरांच्या कविता ‘रत्नाकर’ मासिकात आल्या. ‘जीवनलहरी’ हा त्यांचा कवितासंग्रह 1933 साली निघाला, आणि त्याच सुमारास त्यांनी ध्रुव मंडळ काढलं. मुंबईत 1950 नंतर कॉलेजच्या वयाच्या कवींनी ‘शब्द’सारखी अनियतकालिकं स्वतःच काढली. औरंगाबादला गंगाधर पानतावणे यांचं ‘अस्मितादर्श’ हे दलित साहित्याचं नियतकालिक साठच्या दशकाच्या अखेरीस मिलिंद महाविद्यालयाच्या वातावरणातून उभं राहिलं, पण त्याचं रूप कॉलेजच्या वार्षिकाचं नव्हतं. ज्याला काही नवं म्हणायचं होतं, तो वार्षिकाच्या वाटेला फारसा गेलाच नाही.

तरीही नाशिकच्या संपादकावर एक जादा ओझं असतं. कुसुमाग्रज, म्हणजे इथल्या लोकांचे तात्यासाहेब, 10 मार्च 1999 रोजी गेले. आमच्याकडे आलेल्या कवितांपैकी निम्म्या त्यांच्यावरच होत्या, आणि जवळजवळ सगळ्या ‘हे कविश्रेष्ठा’ने सुरू होणाऱ्या. एकही नाकारायची सोय नव्हती. शेवटी चार छापल्या. त्यातली एक खरोखर चांगली होती, कॉमर्सच्या मुलीची.

खरी कसोटी लागली ती वेगळ्याच मजकुरावर. सुरगाण्याकडच्या एका मुलाने आजीकडून ऐकलेली कोकणा बोलीतली गाणी वहीत उतरवून आणली होती. पहिलं प्रूफ परत आलं तेव्हा मार्गदर्शक सरांच्या लाल पेनाने प्रत्येक क्रियापद पुणेरी झालेलं, ऱ्हस्व-दीर्घ जागच्या जागी. सरांचंही पूर्ण चुकलं असं म्हणता येत नाही. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम 1962 साली शासनाने स्वीकारले आणि तेव्हापासून शाळा-कॉलेजात छापील मराठी म्हणजे तीच, असं पक्कं बसलं. दुसऱ्या प्रुफात आम्ही मूळ ओळी परत बसवल्या आणि खाली ‘बोलीतील मजकूर जसाच्या तसा’ अशी तळटीप टाकली. त्या तळटिपेसाठी सरांबरोबर स्टाफरूममध्ये दोन चहा झाले.

छपाईही तेव्हा धड जुनी नव्हती आणि धड नवीही. आमच्या आधीच्या पिढीने खिळे जुळवणारे कंपोझिटर, ट्रेडल मशीन, फोटोसाठी जस्ताचे ब्लॉक हे सगळं पाहिलं. ब्लॉकला वेगळे पैसे पडायचे, त्यामुळे चित्रं मोजकीच. आमच्या वेळी डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर पानं जुळवणं, आलं होतं: पेजमेकर, मराठी फॉण्ट आणि ट्रेसिंग पेपरवरची प्रिंट. युनिकोड वापरात नव्हतं. एका फॉण्टमधला मजकूर दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडला की अगम्य चिन्हांचा चिवडा व्हायचा. म्हणून प्रूफ डीटीपीवाल्याशेजारी स्टुलावर बसूनच तपासायचं. गझलेतल्या ‘ऱ्या’चा ‘र्या’ झालेला तिथेच सापडला. तो तसाच छापला गेला असता तर शेर वृत्तातून घसरला असता. कवी संस्कृत विभागाचा होता, त्याने आम्हाला सोडलं नसतं.

पुढे विद्यापीठाच्या नियतकालिक स्पर्धांचं महत्त्व वाढलं. परीक्षक मुखपृष्ठ, मांडणी, विषयाची एकसंधता बघतात. त्यामुळे ‘पाणी’, ‘स्त्री’, ‘पर्यावरण’ असे विशेषांक निघू लागले. काही अंक देखणे निघाले, हे मान्य. पण विषय ठरला की सांगून लिहून घेतलेले लेख येतात, आणि वहीतली गाणी घेऊन येणाऱ्या मुलाला त्या विषयात जागा सापडत नाही. 1994 साली नॅक ही कॉलेजांचं मूल्यांकन करणारी संस्था आल्यानंतर अहवालाचा भाग पुन्हा फुगला, कारण मूल्यांकनाच्या फायलीत वार्षिक अंकही पुरावा म्हणून लागतो.

आता बहुतेक अंक युनिकोडमध्ये टाइप होतात आणि पीडीएफही निघते. पानांची अडचण त्यामुळे सुटायला हवी होती. पण सत्र पद्धतीत परीक्षा वर्षातून दोनदा, अंतर्गत गुणांच्या चाचण्या वेगळ्या. पूर्वी जुलैत साहित्य मागवून फेब्रुवारीपर्यंत रेंगाळत काम करता यायचं. आता संपादक मंडळाला हातात जेमतेम काही आठवडे मिळतात, आणि त्यात सगळ्यात आधी तयार असतो तो अहवाल.